तो आवाज मी ऐकला होता

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. माजी विद्यार्थिनी, १९९५ची दहावीची तुकडी)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. पण त्या विषयावर तुम्हाला रोज मोबाईलवर दहा व्हिडिओ येतात, अकरावा मी कशाला करू? मी गुडघ्यावर बोलणार आहे. हसू नका. या सभागृहात आपण सगळे पंचेचाळीस-शेहेचाळीसचे. मघाशी या तीन पायऱ्या चढून येताना कोणी कोणी कठड्याला हात लावला, ते मी मोजलंय.

खरं तर हा एका विशिष्ट गुडघ्याचा विषय आहे. तो गुडघा आज इथे, दुसऱ्या रांगेत आहे. त्याच्या मालकिणीची परवानगी मी घेतली आहे. काल रात्री तिच्याकडे कळण्याची भाकरी खाताना विचारलं, तर म्हणाली, “नाव नको घेजो वं माह्यं. पण सांगजो सगळं.” नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच. आणि ओळखलंत तरी, आपण तिला शाळेत ज्या नावाने हाक मारायचो त्या नावाने आज कृपा करून कोणी हाक मारू नका. ते नाव का पडलं, तेच सांगायला मी उभी आहे.

ऑगस्ट १९९३. आपण नववीत. जिल्हा स्पर्धांना जळगावला जायचं होतं आणि मुलींचा कबड्डीचा संघ त्या वर्षी खरोखर चांगला होता. मी कर्णधार होते, उजव्या कोपऱ्यात खेळायचे. ती चढाई करायची. तुमच्यापैकी ज्यांनी तिला खेळताना पाहिलं असेल त्यांना आठवत असेल, ती निदान रेषा ओलांडून आत यायची आणि वळायची ती अशी की समोरची मुलगी हवेला मिठी मारायची. सराव संध्याकाळी असायचा, मैदानावर पाणी मारून. त्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, पाणी मारायची गरज पडली नव्हती.

ती माझ्या अंगावर आली, मी पायाला हात घालायला वाकले आणि तिने डावा पाय रोवून अंग फिरवलं. मी तिला शिवलेसुद्धा नव्हते. कोणीच नव्हतं शिवलं. आणि आवाज आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. मी दोन हातांवर होते. तो आवाज मी स्वच्छ ऐकला. ती खाली बसली आणि गुडघा धरून ओरडायला लागली.

सरांनी पाय हलवून पाहिला, हाड मोडलेलं नव्हतं. तेवढ्यात ती उठून उभीही राहिली, लंगडत चार पावलं चाललीसुद्धा. घरी पोचेपर्यंत मात्र गुडघा नारळाएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी तिला कोणीतरी शेजारच्या गावात हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने पाय ओढला, लेप लावला, पट्टी बांधली. आपण जळगावला तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आलो. एसटीत मागच्या सीटवर बसून कोणीतरी म्हणालं की तिला कोणी हातही लावला नव्हता, मग लागलं कसं? मोठ्या संघाला घाबरली. नाटक केलं.

कोण म्हणालं ते मला आठवत नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. मी म्हणाले होते.

तिथून ‘नाटकी’ हे नाव पडलं. पुढे दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत ते तिला चिकटलं होतं. हस्ताक्षरांच्या वह्यांतसुद्धा लिहिलेलं सापडेल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. महिन्या-सव्वा महिन्यात सूज उतरली, ती नीट चालायला लागली. आणि दहावीच्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, मी कर्णधार या नात्याने तिच्या घरी गेले. तिची आई ओट्यावर कापूस वेचत बसली होती. ही म्हणाली, गुडघा मधूनच सटकतो, जिना उतरताना भरवसा वाटत नाही. मी म्हणाले, “नाटक पुरे. उद्या मैदानावर ये.” ती आली. त्या हंगामात तिचा गुडघा दोनदा सटकला, दोन्ही वेळा सुजला, दोन्ही वेळा आपण तिला पुन्हा उभं केलं. त्यानंतर तिने खेळ सोडला. बारावीनंतर लग्न, मग केळीचे बाग, मुलं. मी इंजिनिअरिंगला गेले, मग पुणे. मधली वर्षं मी त्या गुडघ्याचा एकदाही विचार केला नाही.

आता जुलै २०२३. माझी मुलगी पंधरा वर्षांची, पुण्यात फुटबॉल खेळते. पावसाळी मैदान. मी कुंपणाच्या बाहेर चहाचा कप घेऊन उभी. तिने चेंडू अडवायला पाय रोवला, वळली, जवळपास कोणी नाही, आणि खाली बसली. “आई, आतून टक् असं झालं,” ती म्हणाली. माझ्या हातातला चहा सांडला. तिला वाटलं मी तिच्यासाठी घाबरले. ते तर होतंच, पण मला एकदम आपलं ते ओलं मैदान दिसलं होतं.

आम्ही ज्या मोठ्या रुग्णालयात आधी गेलो, तिथे एक्स-रे काढला, नॉर्मल आला. मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा, तीन आठवडे विश्रांती. मी मनाशी म्हटलं, चला, सुटलो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. पण आमच्या धंद्यात नवख्या पोरांना आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो की लॉगमध्ये एरर दिसत नाही याचा अर्थ प्रोग्राम बरोबर आहे असा होत नाही. तुम्ही चुकीचा लॉग बघत असाल. एक्स-रे हाड दाखवतो. मुलीच्या गुडघ्यात तुटलेली वस्तू हाड नव्हतीच.

तीन आठवड्यांनी जिना उतरताना तिचा गुडघा सटकला. ती म्हणाली, “भरवसा वाटत नाही गं आई.” शब्दसुद्धा तेच! मग कोणीतरी सांगितलं की खेळातल्या दुखापती बघणारे वेगळे अस्थिशल्यविशारद असतात, तिथे जा.

त्या डॉक्टरांकडे प्रतीक्षाकक्षात सगळे एकाच गुडघ्याबद्दल बोलत होते, ऋषभ पंतच्या. तुम्हाला आठवत असेल, ३० डिसेंबर २०२२ला पहाटे रुरकीजवळ त्याची गाडी दुभाजकाला धडकून पेटली. उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. त्याला डेहराडूनहून मुंबईला आणलं आणि ६ जानेवारी २०२३ला अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. नीरज चोप्राच्या उजव्या कोपराची शस्त्रक्रिया २०१९च्या मे महिन्यात यांनीच केली होती. त्याच हाताने त्याने ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला. पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी तेच होते. आमचे डॉक्टर ते नव्हेत, आमचे पुण्यातले, अगदी साध्या दवाखान्यात बसणारे. पण विद्या तीच.

या डॉक्टरांनी एमआरआयचा लिफाफा आधी उघडलाच नाही. मुलीला झोपवलं, गुडघा थोडासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची. ती थोडी सरकली आणि दोरी ताणून बसावी तशी थांबली. मग दुखऱ्या पायाची. ती सरकतच राहिली. मला डोळ्यांनी दिसलं. अर्धा मिनिटही लागला नसेल. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात, १९७६ साली ती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. म्हणजे आपण नववीत होतो तेव्हा तिला सतरा वर्षं झाली होती. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. दोन हात लागतात आणि ते शिकलेले असावे लागतात.

मग त्यांनी समजावलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये, गुडघ्याच्या अगदी गाभ्यात, दोन दोर एकमेकांवर फुलीसारखे असतात. पुढचा तो एसीएल. नडगी पुढे घसरू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे त्याचं काम. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा जरासा आत झुकलेला आणि अंग फिरतंय, अशा क्षणी तो तुटतो. बहुतेक वेळा कोणाचा धक्का नसतोच. आणि वयात आलेल्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. ओटीपोटाची रुंदी, उडीनंतर जमिनीवर येण्याची पद्धत, मांडीच्या स्नायूंची ताकद, अशी बरीच कारणं सांगतात.

मी विचारलं, “डॉक्टर, आवाज येतो का?”

“बऱ्याच जणांना येतो. आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साठलंय. बहुतेकदा एसीएलच असतो.”

“आणि कोणी हात लावलेला नसतानाही?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मुलगी पण. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले आणि मुलीला खोटंच सांगितलं की तुझ्या ऑपरेशनची भीती वाटते.

आता थोडं शास्त्र. कंटाळा आला तर केळीचे वेफर्स फिरताहेत, घ्या. एसीएल तुटला म्हणून गुडघा लगेच नासत नाही. नासतो तो पुढच्या सटकण्याने. दोन हाडांच्या मध्ये इंग्रजी सी अक्षरासारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. दोर नसलेला गुडघा जेव्हा जेव्हा सटकतो तेव्हा तेव्हा हाडं त्या गादीला चिमटतात, फाडतात. गंमत म्हणजे एकेकाळी डॉक्टर मंडळींनाच ही गादी निरुपयोगी वाटायची, फाटली की सरळ काढून टाकत. १९४८ साली फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून त्यांत होत जाणारे बदल दाखवले. तरी सवय जायला कितीतरी वर्षं गेली. दुर्बीण आली नसती तर गेलीही नसती. टोकियोत ताकागी या डॉक्टरांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि त्यांच्याच परंपरेतल्या वातानाबे यांनी १९६२मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा फक्त खराब तुकडा काढला. आता तर जिथे शक्य तिथे गादी शिवतात. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट भरून येते. आतल्या कडेला नसतो, तिथली येत नाही.

‘सांधा वाचवणं’ ही या डॉक्टरांची सगळी दृष्टी. आपल्याकडे गुडघा म्हटलं की एकदम बदलायचीच गोष्ट निघते. त्याचं कारणही आहे, पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय माणसाच्या गुडघ्यासाठी सांधा तयार केला, त्यांना २०१२मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि हजारो म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालता आलं. साठी-सत्तरीत ते वरदानच. पण पंधराव्या किंवा पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचा सांधा जितका टिकवता येईल तितका टिकवायचा. कृत्रिम सांध्याचंही आयुष्य असतं, आणि आपल्याला तर अजून पुष्कळ जगायचंय, निदान पुढच्या स्नेहमेळाव्यापर्यंत.

मुलीच्या मांडीमागच्या स्नायूची शिर घेऊन नवा दोर बसवला, गादी शिवली. शस्त्रक्रिया दीड तासाची, पण खरं काम नंतरचं. बसवलेला दोर आधी कमकुवत होत जातो, मग शरीर हळूहळू त्याला आपला करतं. त्याला महिने लागतात. खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१६मध्ये छापला गेला. त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने घटला. आमच्या घरी हे वाक्य फ्रिजवर चिकटवलं होतं, कारण मुलगी पाचव्या महिन्यातच बूट घालून दारात उभी राहायची. २३ मार्च २०२४ला पंत अपघातानंतर पहिल्यांदा आयपीएलचा सामना खेळायला उतरला, तेव्हा ती सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्याला पावणेपंधरा महिने लागले होते. ही मैदानात उतरली जूनमध्ये, दहा महिन्यांनी, एका पायावर उडी मारण्याच्या आणि ताकदीच्या सगळ्या चाचण्या पास होऊन.

विनेश फोगाटचंही सांगते, कारण ती मुलगी आहे. २०१६मध्ये रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. मग १७ ऑगस्ट २०२३ला दुसऱ्यांदा गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुंबईत. एक वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा तिने पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठली. पुढे वजनाचं जे झालं ते झालं, पण गुडघा तिच्यासोबत उभा राहिला.

आता आपल्या मैत्रिणीकडे येते.

दिवाळी २०२३ला मी तिला फोन केला. आपल्या ग्रुपवर ती होती, पण कधी बोलायची नाही, फक्त एकादशीला मुक्ताईचा फोटो टाकायची. मी विचारलं, गुडघा कसा आहे? ती म्हणाली, “कोणता?” मी म्हणाले, डावा. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुले आठोते?”

डिसेंबरमध्ये ती पुण्याला आली, आमच्याकडेच राहिली. डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली झीज नीट कळत नाही, अंगाचा भार पडला की कळते. डावा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत चालला होता आणि आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटली होती. गादीचा आतला भाग शिल्लकच नव्हता. बाहेरची बाजू मात्र अजून चांगली होती. डॉक्टरांनी लॅकमन केली. मी तोंड फिरवलं.

मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, “तेव्हाच नीट विश्रांती दिली असती, पुन्हा खेळवलं नसतं, तर?” मला काय ऐकायचं होतं ते त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, “दोर पहिल्याच दिवशी तुटला असणार, तो कोणाच्या हातात नव्हता. गादी बहुधा नंतर गेली. नक्की कोणत्या सटकण्याने गेली ते कोणीच सांगू शकत नाही.” एवढंच. मी आणखी थोडा वेळ तिथे उभी राहिले, पण ते पुढच्या पेशंटकडे गेले.

डॉक्टरांनी तिला एक प्रश्न विचारला, जो मला फार आवडला: “हा गुडघा तुम्हाला कशासाठी हवाय?” मुलीने याच प्रश्नाला फुटबॉल म्हटलं होतं. मला वाटलं ही शेत म्हणेल. ती म्हणाली, “मुक्ताईच्या पालखीसंगं पंढरपूरले जायाचं.” डॉक्टर पुण्याचे, त्यांना आळंदी-देहूची पालखी माहीत. मी सांगितलं की आमची पालखी कोथळीहून निघते आणि पाचशे किलोमीटरांहून जास्त चालते. ते हसले. म्हणाले, सबंध नाही जमणार, पण काहीतरी जमवू.

आधी वर्षभर व्यायाम केला: मांडीचे आणि नितंबाचे स्नायू, थोडं वजन कमी. जळगावच्या एका फिजिओथेरपिस्टने शिकवलं, बाकी ही केळीच्या बागेत जाऊन खोडाला पट्टा बांधून करायची. दुखणं अर्ध्यावर आलं, पण पाय वाकायचा राहिला नाही. मग शस्त्रक्रिया ठरली. यात गुडघा बदलत नाहीत. गुडघ्याखालचं नडगीचं हाड आतल्या बाजूने कापतात, काही मिलिमीटर फाकवतात आणि पट्टी-स्क्रूने तसंच बसवतात. पाय सरळ रेषेत येतो आणि भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर जातो. सायकलचं चाक आउट झालं की दुकानदार टायर फेकत नाही, तारा आवळून चाक सरळ करतो, तसंच काहीसं. डॉक्टर म्हणाले लवकर करा. ती म्हणाली कांदेबाग मार्गी लागल्याशिवाय नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये झाली. सहा आठवडे कुबड्या. त्या काळात तिच्या सुनेने जे केलं त्यावर वेगळं भाषण होईल.

आज ती जिना चढते. मांडी घालून बसता येत नाही, थंडीत दुखतं. शंभर टक्के झालं असं मी सांगणार नाही. याच जूनमध्ये पालखी निघाली तेव्हा ती काठी घेऊन गावाच्या वेशीपर्यंत चालली आणि रिक्षाने परत आली. पुढच्या वर्षी मलकापूरपर्यंत जायचं म्हणते.

तिला मी पुण्यातच, स्वयंपाकघरात, जे म्हणायचं ते म्हणाले होते. ती म्हणाली, “तू एकटीनं थोडीच नाव पाडलं होतं? साऱ्यायनं हाक मारली.” म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर म्हणते. तू नाटक करत नव्हतीस. तो आवाज मी ऐकला होता. ऐकूनही मी एसटीत ते बोलले, आणि वर्षभराने तुझ्या ओट्यावर पुन्हा बोलले. मला माफ कर. बाकीच्यांनी त्यांचं त्यांनी बघावं.

सर, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही स्वतःच्या पैशांनी आम्हाला केळी आणि गूळ-शेंगदाणे आणायचात, ते आम्ही विसरलो नाही.

आता शेवटचं, आणि हे संयोजकांना आवडणार नाही. शाळेला कमान बांधायची म्हणून आपण वर्गणी जमवली आहे. कमान छान दिसेल, तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव येईल. पण काल मी मैदानावर जाऊन आले. आता मॅट आली आहे, मुली बूट घालून खेळतात. मॅटवर बूट घट्ट रुतला आणि अंग फिरलं, की गुडघ्याला पीळ बसणारच. पंचवीस-तीस मुली सराव करत होत्या. सरावाआधी त्या काय करतात ते पाहिलं: मैदानाला दोन फेऱ्या, आणि सुरू. ज्या मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ विधानसभेवर गेल्या, आणि ज्या जळगावच्या कॉलेजात टेबल टेनिस गाजवून मग राष्ट्रपतिपदापर्यंत पोचल्या, तिथे मुलींच्या खेळाला एवढं तरी मिळायला हरकत नसावी.

माझं म्हणणं इतकंच. कमान दोन फूट बुटकी करा. उरलेल्या पैशांतून जळगावहून फिजिओथेरपिस्टला वर्षातून चार वेळा बोलवा. त्यांनी नव्या क्रीडाशिक्षिका बाईंना आणि मुलींना सरावाआधीचा वीस मिनिटांचा व्यायाम शिकवावा. फुटबॉलमध्ये ‘फिफा इलेव्हन प्लस’ नावाने तो जगभर चालतो, आणि नेमाने केला तर दुखापती खरोखर कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय. उडी मारून जमिनीवर येताना गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत, वळताना एका मोठ्या टांगेऐवजी तीन छोटी पावलं टाकायची, अशा साध्या गोष्टी. शाळेत बर्फाची सोय आणि दोन कुबड्या असाव्यात. आणि मैदानाच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावावा: गुडघ्यात आवाज आला, किंवा काही तासांत सूज आली, तर त्या मुलीचा खेळ बंद, एक्स-रे नॉर्मल असला तरी बंद, आणि खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तिला कोणी मैदानावर आणायचं नाही. कर्णधाराने तर नाहीच.

कागद मी छापून आणला आहे. डकवायला चिकटपट्टी पण आणली आहे.

वर्गणीचं मत जेवणानंतर घेऊ. भरीत-पुरी पोटभर खा, पण जरा बेताने, कारण चार वाजता माझी मुलगी शाळेच्या संघाला तो व्यायाम करून दाखवणार आहे आणि बघायला मैदानावर सगळ्यांनी यायचंय. आपल्या जुन्या संघातल्या सातही जणी आल्या आहेत. चढाई कोणी करायची नाही. आमच्या चढाईपटूसाठी खुर्ची सावलीत, मध्यरेषेजवळ ठेवायला सांगितली आहे.